पी. ए. 'डिझॉल्व्ह' झाली, पण खरा पेच सरांच्या शेअर्सचा आहे

प्रश्न : फ्लोरिडात टॅम्पाजवळ प्रॅक्टिस करणाऱ्या एका मराठी डॉक्टरांचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहोत. २००९ साली त्यांनी आणि एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मिळून 'प्रोफेशनल असोसिएशन' म्हणजे पी. ए. काढली. शेअर्स निम्मे-निम्मे. ज्येष्ठ डॉक्टर, ज्यांना त्या 'सर' म्हणतात, दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन पुण्याला परतले. फ्लोरिडाचं लायसन्स त्यांनी पुढे रिन्यू केलं नाही. शेअर्स मात्र त्यांच्याच नावावर राहिले, कारण पैशाचा विषय काढायचा संकोच. या वर्षीचा ॲन्युअल रिपोर्ट भरायचा राहून गेला. सूचनांचे ईमेल जुन्या अकाउंटंटच्या पत्त्यावर जात होते. ऑक्टोबरमध्ये एका इन्शुरन्स कंपनीने पैसे थांबवले आणि कळवलं, की तुमची पी. ए. सरकारदरबारी 'इनॲक्टिव्ह' दिसते. सर फोनवर म्हणाले, "बरंच झालं, आपोआप बंद पडली." एका स्नेह्यांचा सल्ला असा, की ती मेलीच आहे तर मशिनचं कर्ज आणि जागेचं भाडंही तिच्याबरोबर गेलं, आता त्याच नावाची नवी काढ. डॉक्टर लिहितात : "सातशे-आठशे डॉलर भरून जुनी जिवंत करू, की सोडून देऊ? सोळा वर्षांची प्रॅक्टिस माझ्या निष्काळजीपणाने बुडाली, या विचाराने झोप लागत नाही."

उत्तर :

डॉक्टर, आधी झोपेचं. प्रॅक्टिस बुडालेली नाही. तुमचं लायसन्स तुमच्या नावावर आहे आणि पी. ए. डिझॉल्व्ह झाल्याने त्याला धक्का लागत नाही. फ्लोरिडात मे उलटून गेला तरी रिपोर्ट न भरलेल्या सगळ्या कॉर्पोरेशन एकाच दिवशी, सप्टेंबरच्या चौथ्या शुक्रवारी, एका झटक्यात डिझॉल्व्ह, म्हणजे विसर्जित, केल्या जातात. २०२५ मध्ये तो दिवस २६ सप्टेंबर होता. कुणी अधिकारी तुमची फाइल उघडून नाराज झालेला नाही.

सनबिझच्या, म्हणजे राज्याच्या कंपनी-नोंदणीच्या, साइटवर तुमच्या पी. ए.चं पान उघडा. वर डॉक्युमेंट नंबर दिसेल, २००९ ची नोंदणी म्हणून 'पी ०९' ने सुरू होणारा. त्याखाली स्टेटस 'इनॲक्टिव्ह' आणि लास्ट इव्हेंट 'ॲडमिन डिझोल्यूशन फॉर ॲन्युअल रिपोर्ट'. हे शब्द नीट वाचा, कारण सरांचा आणि तुमच्या स्नेह्यांचा गैरसमज इथेच सुरू होतो. राज्याच्या कॉर्पोरेशन कायद्यात, म्हणजे चॅप्टर ६०७ मध्ये, प्रशासकीय विसर्जन झालेली कॉर्पोरेशन नाहीशी होत नाही. ती अस्तित्वात राहते, फक्त आवराआवरीपलीकडे धंदा करायची तिला मुभा नसते. कर्ज तिचं तिच्याकडेच राहतं. जागेच्या करारावर तुम्ही स्वतः हमीदार म्हणून सही केली असेल, आणि लहान प्रॅक्टिसला घरमालक ती मागतोच, तर ती हमी पी. ए. असो नसो तुमच्या मानगुटीवर आहे.

उलट एक नवं ओझं येतं. विसर्जन झाल्याचं ठाऊक असूनही पी. ए.च्या नावाने जो नवा व्यवहार करतो, तो त्या व्यवहारातून येणाऱ्या देण्याला स्वतः जबाबदार ठरतो. सप्टेंबरअखेरपासून इन्शुरन्सचं पत्र येईपर्यंत तुम्हाला हे माहीत नव्हतं. आता माहीत आहे. म्हणून पी. ए. पूर्ववत होईपर्यंत नवं कर्ज, नवा भाडेकरार, नवी नेमणूक, नव्या मशिनची ऑर्डर यांपैकी कशावरही सही करू नका. रिपोर्ट थकलेला असताना पी. ए.ला फ्लोरिडाच्या कोर्टात दावा चालवता येत नाही आणि स्वतःचा बचावही करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

नवी पी. ए. काढण्याची कल्पना स्वस्त वाटते, पण हिशेब मांडून पाहा. विसर्जनानंतर वर्षभर ते नाव दुसऱ्या कुणाला घेता येत नाही. ते घ्यायचं तर जुन्या पी. ए.चं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि त्यावर सही करणाऱ्यांत सरही आले. नव्या कॉर्पोरेशनला नवा टॅक्स नंबर, नव्या नंबराला मेडिकेअरची नवी नोंदणी, प्रत्येक इन्शुरन्स कंपनीकडे पुन्हा क्रेडेन्शियलिंग, म्हणजे पात्रतेची तपासणी. यात तीन-चार महिने सहज जातात आणि तोवर बिलं अडकतात. लॅब असेल तर क्लियाचं (लॅबसाठीच्या केंद्रीय कायद्याचं) सर्टिफिकेट, मालप्रॅक्टिस पॉलिसीवरचं नाव, एस कॉर्पोरेशनचा, म्हणजे नफ्यावरचा कर कंपनीऐवजी भागधारकांनी भरायचा, नव्याने पर्याय (पहिल्या दोन महिने पंधरा दिवसांत भरायचा फॉर्म २५५३) हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. एवढं करून जुन्या पी. ए.ची देणी जुन्याच जागी राहतात.

त्यापेक्षा रीइन्स्टेटमेंट, म्हणजे जुनीच पी. ए. पूर्ववत करून घेणं. कॉर्पोरेशनला ६०० डॉलर, शिवाय थकलेल्या प्रत्येक वर्षाचे १५० : तुमच्या बाबतीत ७५०. जानेवारी उजाडला की नव्या वर्षाचे १५० धरून ९००. वेळेत, म्हणजे १ मेपर्यंत, भरलं असतं तर १५० मध्ये भागलं असतं. मे ते सप्टेंबरदरम्यान ४०० दंड धरून ५५०. पी. ए. ऐवजी प्रोफेशनल एलएलसी असलेल्या वाचकांचे आकडे वेगळे आहेत : रीइन्स्टेटमेंट १०० आणि वर्षाला १३८ डॉलर ७५ सेंट. पैशांपेक्षा मोठी गोष्ट अशी, की रीइन्स्टेटमेंट मागच्या तारखेपासून लागू होतं. कायद्याच्या नजरेत मधला खंड पडलाच नाही असं धरलं जातं. टॅक्स नंबर, करार, मेडिकेअरची नोंदणी, सगळं होतं तसं पुढे चालतं.

अर्ज सनबिझवरच भरायचा. डॉक्युमेंट नंबर, टॅक्स नंबर, ऑफिसचा पत्ता, ऑफिसर-डायरेक्टरांची नावं आणि रजिस्टर्ड एजंटची स्वीकृती लागते. रजिस्टर्ड एजंटपाशी, म्हणजे पी. ए.च्या वतीने सरकारी आणि कोर्टाचे कागद स्वीकारणाऱ्यापाशी, थांबा आणि सध्या तिथे कुणाचं नाव आहे ते पाहा. २००९ मध्ये सरांचं नाव आणि त्यांच्या घराचा पत्ता घातला असेल, तर ते घर आज दुसऱ्या कुणाचं आहे. राज्यात एजंट किंवा त्याचं ऑफिस तीस दिवस नसणं हे विसर्जनाचं स्वतंत्र कारण आहे. त्याहून वाईट म्हणजे कोर्टाचे समन्स त्याच पत्त्यावर जातात. एजंट बदला, फ्लोरिडातला खरा रस्ता-क्रमांकाचा पत्ता द्या, पोस्ट बॉक्स चालत नाही. आणि आजच काउंटी क्लर्कच्या साइटवर पी. ए.चं नाव टाकून तिच्याविरुद्ध दावा लागलाय का ते पाहा. ईमेलही तुमचा स्वतःचा द्या, अकाउंटंटचा नको. खासगी कंपन्या सरकारी नोटिशीसारखी दिसणारी पत्रं पाठवून पैसे मागतात. कित्येक डॉक्टर ती भरतात आणि खरी सूचना फसवणूक समजून डिलीट करतात. खरं काय ते सनबिझच्या पानावर दिसतंच, पत्रावर विसंबू नका.

रीइन्स्टेटमेंट झालं की ८ डॉलर ७५ सेंट भरून 'सर्टिफिकेट ऑफ स्टेटस' घ्या आणि थांबवलेले पैसे सोडण्यासाठी तेच इन्शुरन्स कंपनीला पाठवा, बँकेलाही एक प्रत. मग संचालकांच्या बैठकीचा लेखी ठराव करा, की विसर्जनापासून रीइन्स्टेटमेंटपर्यंत पी. ए.च्या वतीने झालेले सगळे व्यवहार मंजूर आहेत. वर सांगितलेली व्यक्तिगत जबाबदारी या मंजुरीने संपते, म्हणून हा कागद टाळू नका. त्यावर सरांची सही लागेल.

इथवरची अडचण आठवडाभरात मिटणारी आहे. पण तुमच्या पत्रातली जी ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, "लायसन्स त्यांनी पुढे रिन्यू केलं नाही," तीच मला सगळ्यात काळजीची वाटते. ॲन्युअल रिपोर्ट राहिला म्हणून झालेलं विसर्जन पैसे भरून मागे घेता येतं. सरांच्या शेअर्सपायी पी. ए.वर जे येऊ शकतं, त्यावर ७५० डॉलरचा उतारा नाही.

पी. ए. ही साधी कॉर्पोरेशन नव्हे. चॅप्टर ६२१ प्रमाणे तिचे शेअर्स तो व्यवसाय करायचा परवाना असलेल्यांकडेच असू शकतात. कुणा भागधारकाला राज्यात तो व्यवसाय करता येईनासा झाला, तर त्याने पी. ए.मधली नोकरी आणि आर्थिक हिस्सा दोन्ही ताबडतोब सोडायचे असतात. आणि हे त्याच्याकडून करवून घेणं पी. ए.चं काम आहे, त्याचं एकट्याचं नव्हे. पी. ए.ने ते केलं नाही तर तेवढंच कारण विसर्जनाला पुरतं. गोष्ट डिपार्टमेंट ऑफ स्टेटच्या कानावर गेली, तर त्यांनी ती पुढच्या कारवाईसाठी ॲटर्नी जनरलच्या खात्याकडे पाठवायची असते. लायसन्स 'डेलिन्क्वंट' (रिन्यूअल थकलेलं) आहे, 'रिटायर्ड' आहे की मुदत उलटून 'नल अँड व्हॉइड' झालं आहे, ते आरोग्य खात्याच्या लायसन्स शोधात पाहून पानाची प्रिंट काढून ठेवा, तारखेसकट. तिन्ही परिस्थितींत त्यांना प्रॅक्टिसचा अधिकार नाही. फरक पडेल तो कोणत्या तारखेपासून, एवढाच.

त्या तारखेवर आणखी दोन गोष्टी टांगलेल्या आहेत. पहिली : फ्लोरिडाच्या हेल्थ केअर क्लिनिक ॲक्टखाली दवाखान्याला वेगळं क्लिनिक लायसन्स लागतं. तुम्हाला ते आजवर लागलं नाही, कारण मालकी संपूर्णपणे परवानाधारक डॉक्टरांची असली तर सूट असते. निम्मी मालकी विनापरवाना माणसाकडे गेली की त्या सुटीचा आधार डळमळतो, आणि लायसन्स हवं असताना ते नसलेल्या क्लिनिकची बिलं कायद्याने वसूल होण्याजोगी राहत नाहीत. दुसरी कुठली सूट तुम्हाला लागू पडते का, हे आरोग्य कायद्याच्या वकिलाने ठरवायचं. त्याचं मत येईपर्यंत स्वतःहून जुनी बिलं मागे घेऊ नका, पुन्हा पाठवू नका, आणि इन्शुरन्स कंपनीला मालकीविषयी घाईने पत्रही लिहू नका.

दुसरी गोष्ट कराची. तुमची पी. ए. एस कॉर्पोरेशन म्हणून कर भरत असेल तर सरांना विचारा, की अमेरिकन नागरिकत्व आहे का, की ग्रीन कार्ड होतं आणि ते परत केलं? नागरिक असतील तर पुण्यात राहूनही अडचण नाही. पण करासाठी ते अनिवासी परकीय ठरले असतील, तर एस कॉर्पोरेशनला असा भागधारक चालत नाही. ज्या दिवशी ते तसे ठरले त्या दिवशी तो दर्जा गेला. नकळत गेलेला दर्जा आयआरएसकडून, म्हणजे केंद्रीय कर खात्याकडून, परत मिळवायची सोय आहे, पण ती चूक लक्षात येताच हालचाल करणाऱ्यांसाठी. तुमच्या सीपीएला, म्हणजे कर पाहणाऱ्या अकाउंटंटला, हे या आठवड्यात सांगा.

इथे एक चूक इतकी सर्रास होते की वेगळी सांगतो. रीइन्स्टेटमेंटच्या फॉर्मवर सरांचं नाव डायरेक्टरांच्या यादीतून काढलं म्हणजे प्रश्न सुटला, असं वाटतं. सनबिझवर ऑफिसर आणि डायरेक्टर दिसतात, भागधारक दिसत नाहीत. तिथलं नाव गेलं तरी शेअर्स जागच्या जागी राहतात आणि दरवर्षी के-१ (भागधारकाच्या वाट्याचा नफा दाखवणारा कराचा फॉर्म) त्यांच्या नावाने निघतच राहतो. शिवाय त्यांच्या राजीनाम्याशिवाय नाव काढणं हीच उद्या भांडणाची ठिणगी ठरेल.

शेअर्स हलवायचा सरळ मार्ग म्हणजे पी. ए.ने ते परत विकत घेणं, किंवा तुम्ही स्वतः घेणं. एकट्या डॉक्टरची पी. ए. फ्लोरिडात चालते, दुसरा भागीदार शोधायची गरज नाही. पी. ए. विकत घेणार असेल तर पैसे दिल्यावर तिला आपली देणी भागवता आली पाहिजेत, नाहीतर कायदा तो व्यवहार अडवतो. २००९ च्या कागदांत शेअरहोल्डर करार आहे का ते शोधा. असेल तर त्यात निवृत्तीच्या वेळची किंमत किंवा ती काढायची रीत असेल. नसेल तर येणी, उपकरणं, शिल्लक कर्ज आणि गुडविल पाहून एखाद्या मूल्यांकनकाराकडून आकडा काढा, तोही सरांच्या संमतीने नेमलेल्या.

रक्कम हप्त्यांनी द्यायची असेल तर दोन खड्डे टाळा. हप्ते महिन्याच्या कमाईच्या टक्केवारीत बांधू नका, ते फी-वाटपाच्या मनाईला जाऊन भिडतं. ठरलेली रक्कम, ठरलेल्या तारखा. आणि तारण म्हणून तेच शेअर्स ठेवू नका. हप्ता चुकला तर ते परत सरांकडे जायला हवेत, आणि कायद्याने ते जाऊच शकत नाहीत, म्हणजे तारण कागदापुरतंच. त्याऐवजी उपकरणांवर किंवा येण्यांवर बोजा द्या.

आता संकोच. तुमच्या पत्रात सरांविषयीचा आदर ओळीओळीत आहे, आणि मला वाटतं म्हणूनच दोन वर्षं हा विषय निघाला नाही. तुम्ही गृहीत धरलं आहे, की शेअर्सचं बोलणं म्हणजे त्यांना बाहेर काढणं. पण आज ते शेअर्स सरांच्याही अंगाशी येऊ शकतात : हिस्सा सोडायचं कायदेशीर बंधन त्यांच्यावर स्वतःवर आहे, के-१ मुळे अमेरिकेत कराचं विवरण भरायची वेळ येते, आणि हातात छदाम नाही. फोनवर असं म्हणता येईल : "सर, पी. ए. बंद पडलेली नाही, डिझॉल्व्ह म्हणजे बंद नव्हे. मी ती परत सुरू करते आहे. पण तुमचं लायसन्स नसताना शेअर्स तुमच्या नावावर राहिले तर तुम्हाला आणि मला दोघांनाही त्रास आहे. तुमचा सोळा वर्षांचा वाटा तुम्हाला मिळाला पाहिजे. किंमत तुम्हाला पटेल अशा माणसाकडून काढू." मग वकिलाने तयार केलेले कागद एकदमच पाठवा : डायरेक्टरपदाचा राजीनामा, शेअर्स हस्तांतराचा कागद, मधल्या काळाच्या मंजुरीचा ठराव. तीन वेळा कुरियर आणि तीन वेळा संकोच नको. ठरावावर सही आधी, राजीनामा नंतर, हा क्रम मात्र सांभाळा. पी. ए.साठी वकील तुमचा असेल, म्हणून सरांनी आपला वेगळा वकील पाहावा असंही त्यांना मोकळेपणाने सुचवा.

सर खरंच अडून बसले तर? निम्म्या-निम्म्या हिश्शात कोंडी झाली तर भागधारकाला सर्किट कोर्टात न्यायालयीन विसर्जन मागता येतं. पण हा मार्ग निवडताना एवढं ध्यानात ठेवा : अर्ज दाखल झाल्यावर ९० दिवसांच्या आत समोरच्याला, किंवा पी. ए.ला, अर्जदाराचे शेअर्स वाजवी किमतीला विकत घ्यायचा पर्याय असतो. सरांना परवान्याअभावी तो वापरता येणार नाही, हा तुमच्या बाजूचा मुद्दा. कोर्ट विसर्जनाऐवजी कस्टोडियन (कारभार पाहणारा) किंवा तात्पुरता संचालकही नेमू शकतं. कोंडी फुटण्यासाठी तेवढंही पुष्कळदा पुरतं. सरांना घाबरवायला राज्याकडे तक्रार करायचा विचार कुणी सुचवला तर तो मनातून काढा. ती तक्रार तुमच्याच पी. ए.विरुद्ध असेल.

हेच पत्र वाचणाऱ्या डेंटिस्ट, सीपीए, वकील, आर्किटेक्ट मंडळींपैकी काहींच्या घरात वेगळी गोष्ट असेल : डॉक्टर बायको, आयटीतला नवरा, आणि 'आपलंच तर आहे' म्हणून पी. ए.चे शेअर्स निम्मे-निम्मे. क्लिनिक ॲक्ट परवानाधारकाच्या जोडीदाराची मालकी काही अटींवर चालवून घेतो, त्यामुळे पुष्कळांची समजूत झाली आहे की ते बरोबर आहे. चॅप्टर ६२१ तशी मुभा देत नाही. नवऱ्याला मॅनेजर म्हणून पगार द्या, शेअर्स देऊ नका. आणि हे सगळं फ्लोरिडाचं आहे. इतर राज्यांच्या तारखा, फी आणि मालकीचे नियम वेगळे आहेत, तिथले तपासूनच पाऊल टाका.

सरांचं 'बंद पडली ते बरं' हे तुम्हालाही कधी पटलं, तर पी. ए. नीट बंद करायला हवी, नुसती सोडून देऊन चालणार नाही. ज्ञात धनकोंना लेखी नोटीस आणि दावा करायला किमान १२० दिवस, अज्ञात दाव्यांसाठी जाहीर नोटीस आणि चार वर्षांची मर्यादा, आयआरएसकडे ठरावापासून ३० दिवसांत फॉर्म ९६६, मालप्रॅक्टिसचं टेल कव्हर (प्रॅक्टिस बंद झाल्यावर येणाऱ्या दाव्यांसाठीचा विमा), आणि रुग्णांच्या नोंदी शेवटच्या भेटीपासून पाच वर्षं सांभाळायची सोय. तुमच्या पत्रावरून तुम्हाला प्रॅक्टिस करायची आहे हे स्पष्ट आहे, म्हणून यात जास्त शिरत नाही.

रीइन्स्टेटमेंटचा अर्ज आज करता येतो, त्यासाठी सरांच्या फोनची वाट पाहू नका. पण तो फोन याच आठवड्यात करा, पुण्यात सकाळ असेल तेव्हा, आणि बोलायच्या आधी त्यांच्या लायसन्सच्या पानाची ती प्रिंट समोर ठेवा.